अ‍ॅम्बेसेडरचा कॅम इतका मवाळ का?

जुनी अ‍ॅम्बेसेडर बांधायला घेतली की बोरिंग, पिस्टन, हेड यांवर फारसा वाद होत नाही. वाद पेटतो तो कॅमशाफ्टवर, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर. मवाळ कॅम व्हॉल्व्ह कमी वेळ उघडा ठेवतो, तेज कॅम जास्त वेळ. "एमजीचा कॅम टाक, गाडी उडते मंग," असं मोबाइलवर पाहून आलेला पुतण्या सांगतो; एमजी म्हणजे इंग्लंडची स्पोर्ट्स गाडी. आर्वीकडचे आमचे मिस्त्री मात्र मान हलवतात : "उडून जाशीन कुठं जी? समोर तं बैलगाडी हाय."

दोघांचंही म्हणणं समजायला मागे जावं लागतं. ही गाडी म्हणजे इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, तिसरी मालिका. बंगालमधल्या उत्तरपाड्याला ती अ‍ॅम्बेसेडर म्हणून बनू लागली तेव्हा इंजिन साइड-व्हॉल्व्हचं, म्हणजे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असलेलं, होतं. 1959 मध्ये त्या जागी 1489 सीसीचं, वरच्या व्हॉल्व्हचं बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) कंपनीचं 'बी-सिरीज' इंजिन आलं. कॅम ब्लॉकमध्ये, त्याच्या उंचवट्यावर (लोबवर) टॅपेट नावाची गुटी, मग पुशरॉड ही दांडी, तिचा धक्का पुढे नेणारा रॉकर आणि व्हॉल्व्ह. क्रँकच्या, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, दोन फेऱ्यांत कॅमची एक.

याच कुळातलं इंजिन एमजीच्या स्पोर्ट्स गाड्यांत होतं. फरक कॅमच्या आकड्यांत दिसतो. ऑक्सफर्डसारख्या घरगुती गाड्यांत हवा-पेट्रोल आत घेणारा इनटेक व्हॉल्व्ह पिस्टन वर पोचण्याआधी क्रँकच्या 5 अंशांवर उघडायचा आणि पिस्टन तळाला जाऊन वर निघाल्यावर 45 अंशांनी बंद व्हायचा. म्हणजे 230 अंश उघडा. एमजीच्या 'एमजीबी' गाडीत हेच आकडे 16 आणि 56, एकूण 252. इनटेक आणि धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट, दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे असण्याचा काळ, म्हणजे ओव्हरलॅप, 15 अंशांवरून थेट 37 वर गेला.

खरी गोम त्या उशिरा बंद होण्यात आहे. इंजिन जोरात फिरत असेल तर आत येणाऱ्या हवेला वेग असतो; पिस्टन वर निघाला तरी ती मागून घुसत राहते आणि सिलिंडर जास्त भरतो. पण दोन हजार आरपीएमवर (मिनिटाला फेऱ्या) तो वेग कुठला? उघड्या व्हॉल्व्हमधून भरलेला माल परत मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे ज्या नळीतून आला तिच्यात, ढकलला जातो. दाब कमी, खालची ओढ कमी. आमच्या रस्त्यावर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये कापसाच्या ट्रॉलीमागे रांगताना इंजिन नेमकं तिथेच असतं.

त्यात बी-सिरीजच्या हेडची एक खोड आहे. चार सिलिंडरांना इनटेकची तोंडं दोनच, पहिला-दुसरा एकावर आणि तिसरा-चौथा दुसऱ्यावर. कॅम जितका लांबवाल तितकी शेजाऱ्यांची ओढाताण वाढते आणि स्लो, म्हणजे गाडी उभी असतानाची इंजिनची संथ चाल, बिघडतो. त्या काळचं पेट्रोल हलक्या प्रतीचं आणि कॉम्प्रेशन कमी. गाडीत माणसं कोंबलेली, शिवाय टपावर गाठोडी. एवढा भार खालच्या आरपीएमवर ओढायचा तर मवाळ कॅमच हवा होता.

तेज कॅमची हौस आली ती अमेरिकेतून. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात एड इस्केंडेरियनसारख्यांनी कॅम घासून विकायचा धंदाच उभारला. ते कॅम शर्यतीसाठी होते, शर्यतीत स्लोला कोण बसतं! आपल्याकडे जुनाच कॅम ग्राइंड करून 'तेज' करायची युक्ती निघाली. त्यात लोबचं टोक वाढत नाही, बुडाचा गोल कमी होतो; मग टॅपेट खाली बसतो आणि रॉकरचा स्क्रू शेवटच्या आट्यांवर येतो. कडक थरही घासून निघाला असेल तर लोब मऊ राहतो. माझ्या गाडीचा कॅम असाच कुणीतरी आधी घासलेला निघाला. मिस्त्रींनी चौथ्या एक्झॉस्टचा लोब माझ्या नखाखाली धरला. कडेला धार होती आणि त्याच्या टॅपेटचं बूड बशीसारखं खोलगट झालं होतं. टॅपेटचं बूड नवं असताना अगदी किंचित फुगीर असतं, म्हणून तो फिरत राहतो. हा एका जागी घासत बसला होता.

तेलाचाही एक अध्याय आहे. जुन्या तेलात झिंक-फॉस्फरसचं मिश्रण भरपूर असे. असे घासत चालणारे टॅपेट त्यावरच जगतात. फॉस्फरस धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतो म्हणून अमेरिकेतल्या एपीआय या संस्थेच्या 2004 च्या एसएम दर्जात पातळ तेलांना 0.08 टक्क्यांची मर्यादा आली. त्यामुळे नव्या कारचं महागडं तेल या इंजिनाला मानवेलच असं नाही. ट्रॅक्टर-ट्रकसाठी मिळणारं 15डब्ल्यू-40 डिझेल तेल त्यात सहसा बरं पडतं, आणि ते तालुक्याला कुठंही मिळतं.

शेवटी आम्ही मूळ मापाचा नवा कॅम आणि आठही टॅपेट नवे घातले. जुने टॅपेट नव्या कॅमवर बसवायचे नसतात, हे पुतण्यालाही पटलं. लोबला झीज रोखणारी पेस्ट फासली आणि गाडी सुरू होताच स्लोवर न सोडता वीस मिनिटं दोन हजारांवर धरून ठेवली, कारण स्लोवर लोबपर्यंत तेलाचा शिडकावा नीट पोचत नाही. बाहेर 45 अंशांचं ऊन, रेडिएटरवर पाण्याचा पाइप धरलेला, आणि पुतण्या वैतागून विचारत होता, "काका, एमजीचा किती महाग होता हो?"