स्प्रिंट रिव्ह्यू: सहीची बैठक की दिशा बदलण्याची?

स्क्रम या पद्धतीत सॉफ्टवेअरचं काम काही आठवड्यांच्या छोट्या फेऱ्यांत, म्हणजे स्प्रिंटमध्ये, केलं जातं, आणि प्रत्येक स्प्रिंटच्या शेवटी झालेलं काम संबंधितांसमोर मांडण्याची बैठक म्हणजे स्प्रिंट रिव्ह्यू. तिच्या तयारीवर टीमनं एक तासापेक्षा जास्त वेळ घालवू नये, असा नियम स्क्रमच्या जनकांपैकी एक, केन श्वेबर यांनी २००४ साली आपल्या पुस्तकात लिहून ठेवला होता. जे काम पूर्ण झालेलं नाही ते दाखवायचं नाही. दाखवायचं ते चालतं सॉफ्टवेअर, आणि कागदपत्रं वा आराखडे आणायचे तर फक्त ते समजावण्यापुरते. आज बऱ्याच आयटी कंपन्यांमध्ये रिव्ह्यूच्या आदल्या दिवशी डोकावलं तर स्लाइड जुळवणं, डेमोचा डेटा भरणं, रंगीत तालीम आणि ‘उद्या त्या स्क्रीनवर जाऊच नकोस’ अशा सूचना चाललेल्या दिसतात. नियम विस्मरणात गेला, एवढंच याचं कारण नाही. ही बैठक दोन घराण्यांतून आली आहे. एका घराण्यात रिव्ह्यू म्हणजे मागचं काम मान्य करून सही करणं, दुसऱ्यात रिव्ह्यू म्हणजे पुढचं काम बदलणं. ती कितपत उपयोगी पडते हे मोजायला बसलं की दोन्हींची मापं एकमेकांत मिसळतात.

सहीचं घराणं जुनं आहे. विन्स्टन रॉइस यांनी १९७० साली मोठ्या सॉफ्टवेअर प्रकल्पांच्या व्यवस्थापनावर एक निबंध सादर केला. पुढे ज्याला ‘वॉटरफॉल’ म्हटलं गेलं त्या, एक टप्पा संपवून मगच दुसऱ्यात उतरण्याच्या, पायऱ्यांची आकृती त्यातलीच. गंमत अशी, की रॉइस यांनी स्वतः ही साधी पद्धत धोक्याची असल्याचं त्याच निबंधात सांगितलं होतं, पण लोकांनी आकृती उचलली आणि इशारा सोडला. धोका कमी करण्याचे जे उपाय त्यांनी सुचवले, त्यात ग्राहकाला औपचारिकपणे सामील करून घेणं हा एक होता. त्यासाठी सुरुवातीच्या आराखड्याचा रिव्ह्यू, मग डिझाइनचे सखोल रिव्ह्यू आणि शेवटी स्वीकृतीचा रिव्ह्यू. हेतू असा, की अंतिम सॉफ्टवेअर हाती पडण्याआधीच ग्राहकानं टप्प्याटप्प्यावर स्वतःला बांधून घ्यावं. अमेरिकी संरक्षण खात्याच्या १९८० च्या दशकातल्या मानकांनी ही कल्पना पक्की केली. प्रिलिमिनरी डिझाइन रिव्ह्यू, क्रिटिकल डिझाइन रिव्ह्यू अशी नावं, ठरलेली कागदपत्रं, आणि ती मान्य झाली की पुढचा टप्पा.

रिव्ह्यूचं मोजमाप सर्वांत चोखपणे बसवलं ते मात्र आयबीएममध्ये. मायकेल फेगन यांनी १९७६ साली आयबीएमच्या नियतकालिकात डिझाइन आणि कोड तपासण्याची शिस्तबद्ध पद्धत मांडली. तिथं हेतू एकच होता, चुका पकडणं. त्यामुळे हिशेबही सरळ: एकूण चुका किती निघाल्या, त्यांपैकी तपासणीत किती सापडल्या, नंतर टेस्टिंगमध्ये किंवा ग्राहकाकडे किती निसटल्या. भागाकार केला की तपासणीची परिणामकारकता हातात. स्प्रिंट रिव्ह्यूच्या मोजमापात आजवर जी ओढाताण होत आली, तिचं मूळ मला इथे दिसतं. फेगन यांच्या भागाकारात खाली लिहायला एक पक्की संख्या होती. स्प्रिंट रिव्ह्यूत ती कुठून आणायची?

दुसऱ्या घराण्याची मुळं सॉफ्टवेअरमध्येही आहेत, पण बळ मिळालं कारखान्यांकडून. बॅरी बोएम यांच्या स्पायरल मॉडेलवरच्या (त्यात प्रकल्प फेऱ्याफेऱ्यांनी पुढे जातो) १९८८ च्या लेखात प्रत्येक फेरीच्या शेवटी संबंधितांचा रिव्ह्यू आहे, आणि त्याचा विषय आहे पुढची फेरी: ती कशी करायची, त्यासाठी सगळे तयार आहेत का, आणि प्रकल्प इथेच थांबवणं शहाणपणाचं तर नाही. त्याआधी, १९८६ साली, हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका यांनी हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये होंडा, कॅनन, फुजी-झेरॉक्ससारख्या कंपन्यांमध्ये नवी उत्पादनं कशी घडतात यावर लिहिलं. एका विभागानं काम संपवून दुसऱ्याच्या हाती सोपवायचं, ही रिले शर्यत. त्याऐवजी रग्बीच्या संघासारखं सगळ्यांनी मिळून चेंडू पुढे न्यायचा, असं त्यांचं म्हणणं. ‘स्क्रम’ हे नाव तिथून आलं. जेफ सदरलंड यांनी १९९३ साली ईझल कॉर्पोरेशनमध्ये आपल्या सहकाऱ्यांसोबत ही पद्धत सॉफ्टवेअरला लावली.

१९९५ साली टेक्सासमधल्या ऑस्टिन इथे झालेल्या ऊप्स्ला या सॉफ्टवेअर परिषदेत श्वेबर यांनी स्क्रमवरचा निबंध मांडला. त्यातला रिव्ह्यूबद्दलचा छोटा भाग आज पुन्हा वाचावा असा आहे. प्रत्येक स्प्रिंटनंतर रिव्ह्यू होतो. पूर्ण टीम आणि प्रॉडक्ट मॅनेजमेंट हजर असतात. ग्राहक, विक्री, मार्केटिंगची माणसंही येऊ शकतात. पाहायचं ते चालू स्थितीतलं सॉफ्टवेअर. इथवर ओळखीचं. पण पुढे म्हटलं आहे, की बॅकलॉगमधल्या, म्हणजे करायच्या कामांच्या यादीतल्या, गोष्टी ज्या पद्धतीनं केल्या ती पद्धत रिव्ह्यूनंतर बदलू शकते, बॅकलॉगमध्ये नव्या गोष्टी येऊ शकतात, आणि त्यामुळे उत्पादनाचा आशय आणि दिशाही बदलू शकते. इतकंच नाही, पुढचा रिव्ह्यू कधी घ्यायचा तेही प्रगती आणि गुंतागुंत पाहून ठरवायचं. दर दुसऱ्या शुक्रवारी चारला, असं काही त्यात नव्हतं. म्हणजे रिव्ह्यू कशासाठी, हे जन्मतःच लिहिलेलं होतं आणि त्यात मोजण्याची किल्लीही होती: बैठकीनंतर काय बदललं?

२००१ च्या फेब्रुवारीत युटामधल्या स्नोबर्ड इथे सतरा जणांनी स्क्रमसारख्या, बदल सामावून घेणाऱ्या पद्धतींचा, म्हणजेच अ‍ॅजाइलचा जाहीरनामा लिहिला आणि चालतं सॉफ्टवेअर हेच प्रगतीचं मुख्य माप ठरवलं. तत्त्व उत्तम, पण त्याचा एक आडपरिणाम झाला. ‘चालतंय ना?’ एवढं पाहिलं की रिव्ह्यू झाला असं वाटू लागलं. पुढे टीमनं स्वतःच्या कामाच्या पद्धतीकडे पाहायची रेट्रोस्पेक्टिव्ह ही वेगळी बैठक स्थिरावली. ही वाटणी योग्यच होती. मात्र ‘आपण काय शिकलो’ हा प्रश्न रेट्रोकडे गेला आणि रिव्ह्यूच्या वाट्याला बऱ्याच ठिकाणी फक्त प्रदर्शन उरलं.

रिव्ह्यू काय दाखवू शकतो आणि काय नाही, याचं सार्वजनिक कागदपत्रांत नोंदलेलं उत्तम उदाहरण म्हणजे एफबीआय या अमेरिकी तपास यंत्रणेची ‘सेंटिनेल’ ही तपास-प्रकरणांच्या नोंदींची प्रणाली. त्याआधीचा ‘व्हर्च्युअल केस फाइल’ प्रकल्प २००५ साली गुंडाळावा लागला होता. २००६ मध्ये लॉकहीड मार्टिन कंपनीला सेंटिनेलचं कंत्राट मिळालं, चार टप्प्यांचं. २०१० च्या उन्हाळ्यापर्यंत ४५.१ कोटी डॉलरच्या अंदाजपत्रकातले सुमारे ४०.५ कोटी खर्ची पडले होते आणि चारपैकी दोनच टप्पे हाती आले होते. एफबीआयनं काम थांबवलं, टीम लहान केली, नियंत्रण स्वतःकडे घेतलं आणि दोन-दोन आठवड्यांचे स्प्रिंट सुरू केले. प्रत्येक स्प्रिंटच्या शेवटी झालेलं काम दाखवलं जाई. टप्प्यांच्या कागदी मंजुऱ्यांमध्ये वर्षानुवर्षं जे झाकलं गेलं होतं, म्हणजे काम नेमकं कुठवर आलंय, ते दर पंधरवड्याला डोळ्यांसमोर येऊ लागलं. सॉफ्टवेअर उद्योगात ही यशकथा म्हणून सांगितली जाते, आणि ती आहेही. १ जुलै २०१२ रोजी सेंटिनेल सर्वत्र सुरू झालं.

पण यशकथा सांगणारे मधला एक प्रसंग सहसा गाळतात. ऑक्टोबर २०११ मध्ये देशभरच्या कार्यालयांतल्या शेकडो कर्मचाऱ्यांना एकाच वेळी प्रणाली वापरायला देऊन चाचणी घेतली, तेव्हा ती दोनदा बंद पडली. अस्तित्वात असलेलं हार्डवेअर पुरेसं नव्हतं. न्याय खात्याच्या महानिरीक्षकांच्या अहवालात याची नोंद आहे, आणि त्यानंतर वेळापत्रक पुढे ढकललं गेलं. रिव्ह्यू वाया गेले असा याचा अर्थ मी काढत नाही. एका खोलीत, एका माणसानं, एका स्क्रीनवर दाखवलेलं काम एवढंच सिद्ध करतं, की ते एका माणसासाठी चालतं. स्प्रिंटमागून स्प्रिंट ‘यशस्वी’ डेमो झाले म्हणून प्रणाली तयार आहे, असं मानणारं माप तिथंच लटकं पडतं.

महाराष्ट्रात ही पद्धत पोचली ती बहुतांशी कंत्राटी कामातून. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा किंवा ऐरोलीत बसलेली टीम आणि न्यू जर्सी किंवा लंडनमध्ये बसलेला क्लायंट, असा हा संसार. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याशी वेळेचं अंतर उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास, म्हणून रिव्ह्यू रात्री. ठरावीक किमतीच्या करारात स्प्रिंटचा रिव्ह्यू हळूच सहीच्या घराण्यात परत जातो: इतक्या स्टोरी (कामाचे छोटे तुकडे) ठरल्या, इतक्या दाखवल्या, मान्य करा म्हणजे बिल निघेल. अशा बैठकीत क्लायंटनं ‘हे नको, वेगळं करून पाहू’ म्हटलं की ते शिकणं राहत नाही, चेंज रिक्वेस्ट, म्हणजे कराराबाहेरच्या बदलाची मागणी, होते, आणि डिलिव्हरी मॅनेजरच्या कपाळावर आठी पडते. त्यात अनेकदा कॉलवर असतो तो प्रॉक्सी प्रॉडक्ट ओनर, म्हणजे उत्पादनाबद्दल निर्णय घेणाऱ्याचा बदली माणूस. त्याला ऐकून घेण्याचा अधिकार असतो, ठरवण्याचा नसतो. मग कॉलच्या शेवटी ‘ग्रेट जॉब, टीम’ येतं आणि खरी प्रतिक्रिया तीन महिन्यांनी रिलीजनंतर येते. अशा टीमनं रिव्ह्यू नीट घेतला नाही असं म्हणणं अन्यायाचं आहे. तिच्याकडून करारानं जे मागितलं ते तिनं दिलं.

स्क्रमच्या अधिकृत मार्गदर्शिकेची २०१० पासून जी आवर्तनं निघाली, त्यांत ही घसरण रोखायची धडपड दिसते. २०११ मध्ये स्प्रिंटच्या कामाबद्दल ‘हमी’ ऐवजी ‘अंदाज’ आला. २०१३ च्या आवृत्तीत ही अनौपचारिक बैठक आहे, स्टेटस मीटिंग नाही, असं स्पष्ट आहे. बैठकीचं फलित म्हणजे सुधारलेला बॅकलॉग. २०२० मध्ये आणखी थेट: रिव्ह्यू हे कामाचं सत्र आहे, ते सादरीकरणापुरतं ठेवू नका, आणि रिलीज अडवणारं फाटक म्हणून त्याचा वापर कधीही करू नका. तेच तेच इतक्यांदा सांगावं लागलं, यावरूनच प्रत्यक्षात काय चाललं होतं ते कळतं. अमेरिकेच्या डिफेन्स इनोव्हेशन बोर्डानं तर २०१८ साली खोटं अ‍ॅजाइल ओळखण्यासाठी प्रश्नावलीच काढली. तिच्यात एक प्रश्न असा: प्रत्येक फेरीत खऱ्या वापरकर्त्यांपैकी निदान काहींच्या हाती चालतं सॉफ्टवेअर पडतं का, आणि त्यांचं म्हणणं गोळा होतं का?

मोजमापाच्या बाजूनं मधली बरीच वर्षं व्हेलॉसिटीनं, म्हणजे एका स्प्रिंटमध्ये किती काम उरकलं या मापानं, खाल्ली. किती पॉइंट (कामाच्या आकाराचा अंदाज सांगणारे गुण) झाले, ठरल्यापैकी किती टक्के झाले, किती जण हजर होते. हे सगळं मोजायला सोपं, आणि रिव्ह्यूच्या हेतूशी त्याचा संबंध दूरचा. मायक्रोसॉफ्टमध्ये रॉन कोहावी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑनलाइन प्रयोगांतून दाखवलं, की जे माप सुधारण्यासाठी एखादी कल्पना राबवली ते खरोखर सुधारणाऱ्या कल्पना साधारण एक-तृतीयांशच निघतात. याचा अर्थ रिव्ह्यूमध्ये ज्याला सर्वांनी माना डोलावल्या ते फीचरही बहुधा कामाचं नसू शकतं. ज्या टीम रोज रिलीज करतात त्यांच्या रिव्ह्यूत म्हणूनच डेमोपेक्षा गेल्या पंधरवड्यातल्या वापराचे आकडे जास्त जागा घेऊ लागले आहेत.

संशोधनात क्रिस्टियान व्हरवाइस आणि डॅनियल रुसो यांनी २०२३ साली जवळपास २,००० स्क्रम टीमच्या माहितीवरून एक सिद्धांत मांडला. त्यात ग्राहक आणि इतर संबंधितांबद्दलची आस्था हा एक मोठा घटक, आणि त्याच्या पोटात रिव्ह्यूचा दर्जा. रिव्ह्यू एकटा मोजला नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. मर्यादा अशी, की ही माहिती मुख्यतः टीमच्या सदस्यांनी स्वतः भरलेल्या प्रश्नावल्यांची आहे.

फेगन यांचा भागाकार इथे पुन्हा उपयोगी पडतो, जरा वळवून घेतला तर. रिलीजनंतर आलेल्या ‘आम्हाला हे असं नको होतं’ छापाच्या तक्रारी घ्यायच्या आणि त्यांतल्या किती रिव्ह्यूमध्येच ऐकू येऊ शकल्या असत्या ते पाहायचं. सोबत रिव्ह्यूनंतरच्या दोन दिवसांत बॅकलॉगमध्ये काय आलं, काय गळलं, कशाचा क्रम बदलला, हे तपासायचं. त्यासाठी नवं साधन लागत नाही. कामांची नोंद ठेवणाऱ्या जिरासारख्या साधनात प्रत्येक बदलाची तारीख साठलेलीच असते. मात्र हा आकडा मॅनेजरच्या डॅशबोर्डवर गेला, की पुढच्या रिव्ह्यूनंतर बॅकलॉगमध्ये चार दिखाऊ बदल हमखास दिसतील. पाच-सहा स्प्रिंटचा असा माग काढून बॅकलॉग जसाच्या तसा दिसला, तर टीमला जाब विचारण्याआधी त्या कॉलवर बदल ठरवण्याचा अधिकार असलेलं कुणी होतं का, ते हजेरीच्या यादीत पाहावं लागतं.