खेळत शिकण्याची वाट: भावनगर, बोर्डी, कोसबाड

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी ‘पायाभूत स्तर’ वेगळा काढला. 2022 मध्ये त्याचा अभ्यासक्रम आराखडा आला. त्यात खेळ, गाणी, गोष्टी, माती, चित्रं यांना या वयाच्या शिक्षणाचा गाभा म्हटलं आहे. हे वाचून अनेक पालकांना वाटलं की परदेशातलं काहीतरी नवं आपल्याकडे आणलं जातंय. प्रत्यक्षात डहाणू तालुक्यात समुद्रकाठच्या बोर्डी गावी 1945 पासून हेच चाललं होतं, आणि तेही अशा मुलांसाठी ज्यांच्या घरात पाटी-पेन्सिल कधी आलीच नव्हती.

विचाराचं मूळ मात्र युरोपातलं आहे. जर्मनीत फ्रीडरिश फ्रोबेल यांनी 1837 साली लहान मुलांसाठी संस्था काढली आणि 1840 मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिलं. त्यांनी मुलांच्या हाती साध्या वस्तू दिल्या: लोकरीचे रंगीत चेंडू, लाकडाचा गोल, घन, दंडगोल. यातला लाकडी घन दोऱ्याला टांगून गरगर फिरवला की डोळ्यांना दंडगोल दिसतो. पाच वर्षांचं मूल तो थांबवतं, कोपरे चाचपतं, पुन्हा फिरवतं. भूमितीचा हा धडा कुणी शिकवत नाही, तो मुलाच्या हातून घडतो. जर्मनीतल्या प्रशिया राज्याच्या सरकारला एवढं मोकळेपणही खपलं नाही. 1851 मध्ये तिथे किंडरगार्टनवर बंदी आली, ती 1860 पर्यंत टिकली.

पुढचं मोठं नाव मारिया माँटेसरी यांचं. 6 जानेवारी 1907 रोजी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब कामगारवस्तीत त्यांनी पहिलं बालगृह सुरू केलं. एक ते दहा सेंटिमीटरच्या दहा ठोकळ्यांचा मनोरा, हाताला खरखरीत लागणारी अक्षरं, स्वतःची चूक स्वतःला कळेल अशी साधनं, हे सगळं तिथे आकाराला आलं. आपल्याकडच्या महागड्या शाळांच्या पाट्यांवर आज त्यांचं नाव झळकतं, म्हणून ही पद्धत जन्मली ती गरिबांच्या वस्तीत, याची आठवण द्यावीशी वाटते.

माँटेसरींचा भर इंद्रियांच्या शिक्षणावर आणि खऱ्या कामावर होता. राक्षस-पऱ्यांच्या कल्पित गोष्टी इतक्या लहान मुलांना सांगाव्यात, हे त्यांना पटत नसे. इथेच भारतातल्या बालशिक्षणाने आपली वाट थोडी वेगळी केली, आणि त्याचं श्रेय प्रामुख्याने गिजुभाई बधेका यांचं. गिजुभाई पेशाने वकील. 1913 मध्ये मुलगा झाला, त्याला कसं वाढवावं या विचारात त्यांच्या हाती माँटेसरींचं लेखन आलं आणि वकिली मागे पडली. 1916 मध्ये ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेले, 1920 मध्ये तिथे बालमंदिर उघडलं. छडी नाही, बक्षीस नाही, मुलाने स्वतःच्या गतीने शिकायचं, हे त्यांनी माँटेसरींकडून घेतलं. त्यात लोककथा, बडबडगीतं, नाटुकली, नाच यांची भर त्यांनी स्वतः घातली. गुजरातने त्यांना ‘मिशीवाली आई’ म्हटलं. माझ्या मते गिजुभाईंची ही भर फार मोलाची आहे. ज्या मुलांच्या घरी आजी रोज रात्री गोष्ट सांगते, त्यांच्या शाळेतून गोष्ट काढून टाकली असती, तर ती शाळा मुलांना परकीच वाटली असती.

गिजुभाईंना भावनगरला येऊन मिळाल्या ताराबाई मोडक. 1892 चा जन्म, पदवीधर, राजकोटच्या स्त्री अध्यापक विद्यालयाच्या प्राचार्या. ती नोकरी सोडून त्या बालमंदिरात आल्या. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, पुढे ‘शिक्षणपत्रिका’ हे मासिक मराठीतही निघू लागलं आणि 1936 मध्ये दादरला शिशुविहार सुरू झालं. पण दादरच्या शिशुविहारात येणारी मुलं पांढरपेशा घरातली होती. खेड्यातल्या मुलाचं काय, हा प्रश्न ताराबाईंना सोडत नव्हता. त्याच सुमारास गांधीजींच्या नई तालीममध्येही, म्हणजे हाताच्या कामातून शिकवणाऱ्या शिक्षणपद्धतीतही, सात वर्षांखालच्या मुलांचा विचार सुरू झाला होता. 1945 मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाईंनी मुंबई सोडून बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं. सोबत अनुताई वाघ होत्या. मोरगावात जन्मलेल्या, तेराव्या वर्षी लग्न होऊन काही महिन्यांतच विधवा झालेल्या, शिक्षिका म्हणून उभ्या राहिलेल्या अनुताई त्या वर्षी बोरिवलीच्या शिबिरात ताराबाईंना भेटल्या आणि त्यांच्यासोबत बोर्डीला आल्या, त्या कायमच्याच.

बोर्डीत पहिली अडचण अशी की मुलं येतच नसत. थोरली बहीण धाकट्याला सांभाळायची, आईबाप मजुरीला. दलित वस्तीतल्या मुलांनी बालवाडीत इतरांच्या शेजारी बसणं गावातल्या अनेकांना रुचत नव्हतं. तेव्हा ताराबाईंनी शाळाच वस्तीत नेली. कुणाच्या तरी घरापुढचं अंगण झाडून घ्यायचं, मुलांना हाका मारून जमवायचं. आधी नखं कापायची, नाक पुसायचं, तोंड धुवायचं, केस विंचरायचे आणि मग गाणं. ‘अंगणवाडी’ ती ही. पुढे सरकारने उचललेलं नाव इथलंच.

साधनांचा प्रश्न तितकाच मोठा होता. माँटेसरींची लाकडी साधनं खेड्याला परवडणारी नव्हती. बोर्डीत त्यांच्या जागी आले चिंचोके, गुंजा, शंख-शिंपले, खडे, पानं, काटक्या, माती. गुंजांची रांग लावली की मोजणी आली, शिंपले लहानमोठे लावले की क्रम आला. सागरगोटे खेळणाऱ्या मुलीकडे नीट पाहा: एक गोटा वर उडवायचा, तो खाली येईपर्यंत जमिनीवरचे दोन उचलायचे आणि वरचा झेलायचा. यात मोजणी आहे, अंदाज आहे, हात आणि डोळ्यांचा मेळ आहे, शिवाय हरल्यावर डाव सोडायची शिस्तही आहे. हा खेळ घराघरांत होताच. बोर्डीच्या बायांनी त्याला शिक्षण म्हणून मान दिला.

1956-57 च्या सुमारास काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये गेलं. 1945 मध्येच या भागात वेठबिगारीविरुद्ध वारल्यांनी उठाव केला होता; माणूस म्हणून वागवलं जावं, एवढ्यासाठी लढावं लागलेली ही माणसं. त्यांची सहा-सात वर्षांची पोरं गुरं चारायला जात. घंटा वाजवून ती शाळेत आली नसती, म्हणून शाळा कुरणावर गेली. ही ‘कुरणशाळा’. गुरं चरत असताना झाडाखाली बसायचं, धुळीत काठीने अक्षर काढायचं, गुरं मोजायची, पक्षी ओळखायचे, आपल्या बोलीत गाणी म्हणायची. आणि ‘विकासवाडी’त पाळणाघर, बालवाडी, प्राथमिक शाळा एकाच आवारात, म्हणजे कडेवरचं भावंड पाळण्यात ठेवून बहिणीला वर्गात बसता यायचं. बालशिक्षणाच्या इतिहासात एवढी साधी आणि एवढी नेमकी युक्ती मला दुसरी आढळलेली नाही. ताराबाईंना 1962 मध्ये पद्मभूषण मिळालं, 1973 मध्ये त्या गेल्या. अनुताई 1992 पर्यंत कोसबाडचं काम पाहत होत्या.

2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या 33 प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोचली. योजनेत सहा सेवा होत्या: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (आजारी मुलाला पुढच्या दवाखान्यात पाठवणं), पोषण व आरोग्य शिक्षण, आणि अनौपचारिक शाळापूर्व शिक्षण. कुपोषणाचं संकट खरं होतं, त्यामुळे आहार पुढे आला हे समजण्यासारखं आहे. पण वजनाचे तक्ते, आहाराचा हिशेब, रजिस्टरं, नंतर मोबाईलवरची माहिती, सर्वेक्षणं, हे सगळं एकाच सेविकेच्या गळ्यात पडलं. ज्या सेवेचं रजिस्टर वरून कुणी मागत नव्हतं, ती म्हणजे खेळ. म्हणून आकसला तोच.

शहरांत वेगळंच घडलं. ज्युनिअर केजी, सीनियर केजी आली, तीन वर्षांच्या मुलाची मुलाखत आली, चौकटीच्या वहीत पानभर ‘ए’ गिरवणं आलं. पेन्सिल धरण्याइतकी बोटं तयार व्हायच्या आधी लिहायला लावलं की मूल मूठ आवळून लिहितं आणि लवकर दमतं. माती मळणं, मणी ओवणं, कागद फाडून चिकटवणं यातूनच ती बोटं तयार होतात. शाळकरी मुलांवरचं ओझं कमी करण्यासाठी केंद्र सरकारने नेमलेल्या प्रा. यशपाल समितीने 1993 मध्येच नर्सरी प्रवेशाच्या परीक्षा आणि मुलाखती बंद करण्याची शिफारस केली होती. 2010 पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा मात्र सहा ते चौदा वयापुरता राहिला. सहा वर्षांखालचं मूल त्या हक्काबाहेरच उरलं.

नव्या आराखड्यापाठोपाठ फेब्रुवारी 2023 मध्ये ‘जादुई पिटारा’ हा खेळणी, कोडी, बाहुल्या, चित्रफलकांचा संच आला, आणि त्याच वर्षी अंगणवाडी सेविकांना खेळावर आधारित शिक्षणाचं प्रशिक्षण देण्याची मोहीमही. संच चांगला आहे. पण तो फुटेल, हरवेल या धास्तीने कपाटात बंद राहिला, तर त्याचा काही उपयोग नाही. संच उघडण्याआधी सेविकेकडचं बाकीचं काम कमी करावं लागेल, मदतनिसाची जागा रिकामी ठेवून चालणार नाही, आणि ‘आमचं पोरगं नुसतं खेळतं, लिहीत काहीच नाही’ म्हणणाऱ्या आईबापांना महिन्यातून एकदा तरी अंगणवाडीत बसवून त्या खेळात काय चाललंय ते दाखवावं लागेल.