वॉशिंग्टनमधील ज्यू लष्करी इतिहास संग्रहालय : गटभेटींमागची पार्श्वभूमी

वॉशिंग्टनच्या ड्युपॉन्ट सर्कल भागात, आर स्ट्रीटवर, 'नॅशनल म्युझियम ऑफ अमेरिकन ज्यूइश मिलिटरी हिस्टरी' आहे. राजधानीतील बहुतेक मोठी संग्रहालये ज्या 'नॅशनल मॉल' या लांबलचक हिरवळीच्या दुतर्फा उभी आहेत, तिथून ते बरेच बाजूला पडते. त्यामुळे फिरता फिरता सहज डोकावणारा पर्यटक त्याच्या वाट्याला कमीच येतो. इथे येणारा ठरवून येतो, आणि म्हणूनच आगाऊ कळवून येणाऱ्या गटांना, त्यांच्यासोबत दालनांतून फिरणाऱ्या माहितगारांना आणि तिथल्या व्याख्यानांना या संस्थेच्या कामात मोठे स्थान आहे. प्रवेश विनामूल्य आहे. मात्र या गटांना जो इतिहास सांगितला जातो, त्याचे मूळ शौर्यकथांपेक्षाही एका जुन्या आरोपात आहे : ज्यू माणूस व्यापार करतो, पण देशासाठी लढत नाही.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या वेळी, म्हणजे १८६१ ते १८६५ या काळात, तिथे सुमारे दीड लाख ज्यू राहत होते आणि त्यांतले हजारो जण उत्तर आणि दक्षिण अशा दोन्ही बाजूंच्या सैन्यांत होते. तरीही उत्तरेच्या स्वयंसेवक पलटणींसाठी १८६१ मध्ये झालेल्या कायद्यानुसार पलटणीचा धर्मगुरू एखाद्या ख्रिस्ती पंथाचाच असावा लागे. पेनसिल्व्हेनियाच्या एका घोडदळ पलटणीने मायकेल अ‍ॅलन या ज्यू गृहस्थाची या जागी निवड केली होती. आक्षेप आल्यावर त्याला पद सोडावे लागले. त्याच पलटणीने मग आर्नल्ड फिशेल यांचे नाव पुढे केले. त्यांचा अर्ज युद्धखात्याने फेटाळला, तेव्हा ते थेट अध्यक्ष लिंकन यांना जाऊन भेटले. जुलै १८६२ मध्ये कायदा बदलला आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात फिलाडेल्फियाचे जेकब फ्रँकेल हे अमेरिकी सैन्याचे पहिले अधिकृत ज्यू धर्मगुरू झाले. त्यानंतर तीनच महिन्यांनी, १७ डिसेंबर १८६२ रोजी, उत्तरेच्याच सैन्यातील जनरल ग्रँट यांनी कापसाच्या चोरट्या व्यापाराचे खापर साऱ्या ज्यू समाजावर फोडून आपल्या लष्करी विभागातून सर्व ज्यूंना बाहेर काढण्याचा हुकूम दिला. केंटकीतील पडुका गावच्या कुटुंबांना घरदार सोडावे लागले. गावातले व्यापारी सीझर कास्केल वॉशिंग्टनला पोहोचले आणि जानेवारी १८६३ मध्ये लिंकन यांनी तो हुकूम मागे घ्यायला लावला. ज्या सैन्यात ज्यू जवान जीव धोक्यात घालत होते, त्याच सैन्याने हा हुकूम काढला, हे लक्षात घेतल्याशिवाय पुढची धडपड समजत नाही.

युद्ध संपले तरी आरोप संपला नाही. १८९१ मध्ये एका प्रतिष्ठित नियतकालिकात, आपण सैन्यात असताना कधी ज्यू सैनिक पाहिल्याचे आठवत नाही, अशा आशयाचे पत्र छापून आले. वॉशिंग्टनचे वकील सायमन वूल्फ यांनी त्याला याद्यांनी उत्तर द्यायचे ठरवले आणि १८९५ मध्ये आठ हजारांहून अधिक ज्यू सैनिकांची नावे पलटणींसह प्रसिद्ध केली. घाईत जमवलेल्या त्या यादीत चुका होत्या आणि पुढच्या संशोधकांनी त्या दाखवूनही दिल्या. पण एका नागरिकाने केवळ शंकेला उत्तर म्हणून एवढी नावे गोळा करावीत, यातच त्या काळाची कडवट बाजू दिसते. पुढच्याच वर्षी, १५ मार्च १८९६ रोजी, यादवी युद्धात लढलेले ६३ ज्यू सैनिक न्यू यॉर्कमध्ये एकत्र जमले आणि त्यांनी आपली संघटना काढली. तीच आजची 'ज्यूइश वॉर व्हेटरन्स'. इतके होऊनही १८९९ मध्ये मार्क ट्वेनसारख्या लेखकाने हा आक्षेप पुन्हा छापला. युद्धखात्याचे आकडे पाहिल्यावर त्याने आपले म्हणणे जाहीरपणे मागे घेतले, हे मात्र त्याच्या मोठेपणाला शोभणारे झाले.

पहिल्या महायुद्धात सुमारे अडीच लाख आणि दुसऱ्यात सुमारे साडेपाच लाख अमेरिकी ज्यू सैन्यात होते. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या पिढीकडे गणवेश, पत्रे, पदके आणि छायाचित्रे होती, तसेच त्या वस्तू जपण्यासाठी स्वतःची संस्था असावी ही निकडही होती. १९५८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, संघटनेच्या राष्ट्रीय स्मारकाला, म्हणजे या संग्रहालयाच्या मूळ संस्थेला, सनद दिली. ज्यू धर्मीय स्त्री-पुरुषांच्या लष्करी सेवेच्या नोंदी, सन्मानपत्रे आणि स्मृतिवस्तू जमवणे, त्या लोकांपुढे मांडणे आणि त्यांवरून शिक्षण देणे, असे तिचे काम. आर स्ट्रीटवरच्या इमारतीत संग्रहालय १९८०च्या दशकात आले.

आकड्यांनी आरोप खोडता येतो, पण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या वर्गापुढे साडेपाच लाख हा आकडा नुसता उच्चारून काही होत नाही. दालनातून गट नेणाऱ्याला एखादी वस्तू हाताशी लागते आणि त्या वस्तूमागचा माणूस लागतो. दुसऱ्या महायुद्धातील सैनिकांच्या गळ्यातली ओळखपट्टी हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. पातळ धातूच्या त्या पट्टीवर नाव, सैनिक क्रमांक, धनुर्वाताच्या लशीची नोंद आणि रक्तगट असे, आणि शेवटी धर्माचे एक अक्षर : प्रोटेस्टंटांना 'पी', कॅथलिकांना 'सी', ज्यूंना 'एच' (म्हणजे हिब्रू). जवान पडला तर दफनविधी कोणत्या धर्माने करायचा, हे कळावे म्हणून ते अक्षर होते. पण जर्मनांच्या हाती सापडलेल्या ज्यू सैनिकाच्या बाबतीत तेच अक्षर त्याच्या जिवावर बेतू शकत होते. जानेवारी १९४५ मध्ये जर्मनीतील त्सीगनहाइनच्या युद्धकैदी छावणीत फक्त ज्यू कैद्यांनी रांगेत उभे राहावे असा हुकूम निघाला, तेव्हा टेनेसीचा ख्रिस्ती सार्जंट रॉडी एडमंड्स याने बाराशेहून अधिक कैद्यांना एकत्र उभे केले आणि आम्ही इथे सगळेच ज्यू आहोत, असे जर्मन अधिकाऱ्याला सांगितले. कपाळावर पिस्तूल आले तरी तो मागे हटला नाही.

'मेडल ऑफ ऑनर' हे अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक मिळवणाऱ्या ज्यू सैनिकांचे दालन हा या संग्रहालयाचा मानबिंदू. त्यांतल्या टिबोर रुबिन यांच्या कथेपाशी थांबलेच पाहिजे. हंगेरीत जन्मलेल्या या मुलाची माउटहाउझेनच्या नाझी छळछावणीतून मे १९४५ मध्ये अमेरिकी सैन्याने सुटका केली. त्या उपकारातून उतराई व्हायचे म्हणून तो अमेरिकेत येऊन सैन्यात भरती झाला आणि कोरियाच्या युद्धावर गेला. तिथे त्याने एकट्याने २४ तास एक टेकडी लढवली. पुढे चिनी कैदेत सुमारे अडीच वर्षे काढताना तो रात्री छावणीबाहेर सटकून अन्न चोरून आणी आणि आजारी सोबत्यांना भरवी. त्याच्यामुळे ४० जणांचे प्राण वाचले, असे मानले जाते. हंगेरीला परत पाठवण्याची तयारी कैद करणाऱ्यांनी दाखवली, ती त्याने नाकारली. पण त्याच्या शिफारशीचे कागद एका ज्यूद्वेष्ट्या सार्जंटने पुढे जाऊच दिले नाहीत, आणि पदक मिळायला २००५ साल उजाडले. पहिल्या महायुद्धातील सार्जंट विल्यम शेमिन यांना तर ते २०१५ मध्ये, मृत्यूनंतर, मिळाले. ऑगस्ट १९१८ मध्ये फ्रान्समध्ये उघड्या मैदानात गोळीबारातून धावत जाऊन त्यांनी जखमींना आणले होते, आणि त्यांच्या मुलीने या सन्मानासाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला होता. वगळले गेलेल्या ज्यू सैनिकांच्या नोंदी पुन्हा तपासण्याचा आदेश त्याआधी २००१ च्या अखेरीस संमत झालेल्या कायद्याने दिलेला होता. जुनी कागदपत्रे जपली नसती तर ही फेरतपासणी शक्यच नव्हती, आणि माझ्या मते संग्रहालयाच्या अस्तित्वाचे यापेक्षा बळकट समर्थन दुसरे नाही.

सैन्यातील ज्यू स्त्रियांचा भाग संग्रहालयाने स्वतंत्रपणे मांडला आहे. पोलंडमधील लोड्झमध्ये जन्मलेली परिचारिका फ्रान्सिस स्लँगर नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरली होती आणि ऑक्टोबर १९४४ मध्ये बेल्जियममध्ये तोफमाऱ्यात मारली गेली. मृत्यूच्या आदल्या रात्री तिने सैनिकांच्या वृत्तपत्राला पत्र लिहून जखमी जवानांचे धैर्य वाखाणले होते.

मराठी वाचकाला इथे कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्रायली, आठवतील. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतील अधिकारी सामाजी हसाजी दिवेकर टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटले आणि १७९६ मध्ये त्यांनी मुंबईतले पहिले सिनेगॉग बांधले. तिथे सैनिकी सेवेची आठवण प्रार्थनास्थळाने राखली, तर अमेरिकेत त्यासाठी काँग्रेसच्या सनदेपर्यंत जावे लागले.

दुसऱ्या महायुद्धात लढलेले सैनिक हयात होते तोवर गटांपुढे साक्षीदार स्वतःच बोलू शकत. ती पिढी आता जवळजवळ संपत आली आहे, आणि कोरिया-व्हिएतनामचे सैनिकही वृद्ध झाले आहेत. त्यामुळे ध्वनिचित्रमुद्रित मुलाखती, कुटुंबांनी दिलेली पत्रे आणि अभ्यासकांची व्याख्याने यांवरची भिस्त वाढणे अटळ आहे, आणि ज्या घरांत अशी पत्रे अजून पेट्यांत पडून आहेत, त्यांनी ती संग्रहाकडे लवकर सोपवणे तितकेच गरजेचे आहे.