कॉम्प्रेसर चालू न होणे (एअर कंडिशनर)

एसी चालू आहे, आतला पंखा फिरतोय पण हवा गार लागत नाही कारण बाहेरच्या युनिटमधला कॉम्प्रेसर सुरूच झालेला नाही, ह्या बिघाडाला मेकॅनिक लोक 'कॉम्प्रेसर उचलत नाही' म्हणतात. लगेच 'कॉम्प्रेसर गेला' असं ठरवून टाकू नये, बऱ्याचदा तो चांगला असतो आणि दोष त्याच्या बाहेर निघतो.

आधी सोप्या गोष्टी. एसी फॅन मोडवर नाही ना, सेट केलेलं तापमान खोलीपेक्षा कमी आहे ना हे बघायचं. बंद करून लगेच चालू केला तर साधारण 3 मिनिटं कॉम्प्रेसर मुद्दामच सुरू होत नाही, कारण गॅसचा दाब दोन्ही बाजूंना सारखा व्हायला वेळ लागतो आणि तेवढ्या दाबाविरुद्ध मोटर उचलत नाही.

मग आवाज ऐकायचा. एकदम शांत असेल तर कॉम्प्रेसरपर्यंत वीज पोचत नाहीये (रिले आणि काँटॅक्टर हे वीज जोडणारे स्विच, पीसीबी म्हणजे कंट्रोल बोर्ड, प्रेशर स्विच, जळालेली वायर) किंवा ओव्हरलोड, म्हणजे करंट किंवा उष्णता जास्त झाली की वीज तोडणारा संरक्षक स्विच, उघडलाय. नुसती घुरघुर आणि काही सेकंदांनी टक् असा आवाज, म्हणजे वीज येतेय पण मोटर फिरत नाही, इथे पहिला संशय कपॅसिटरवर. आणि चालू होताक्षणी एमसीबी पडत असेल तर वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) शॉर्ट किंवा बॉडीला लागलंय का ते तपासावं लागतं.

कपॅसिटर एवढा महत्त्वाचा का, तर सिंगल फेजमध्ये (घरी येते ती साधी वीज) चुंबकीय क्षेत्र आपोआप फिरत नाही, स्टार्ट वाइंडिंगचा करंट कपॅसिटर पुढे सरकवतो तेव्हा मोटरला फिरायची दिशा मिळते. त्यावर मायक्रोफॅरड लिहिलेले असतात, बऱ्याच युनिटमध्ये 25 ते 50 च्या आसपास, आणि सोबत ±5 टक्के वगैरे. 45 चा कपॅसिटर मीटरवर 30 दाखवत असेल तर बदलायचाच, वरून फुगलेला नसला तरी. व्होल्टेज कमी असलं तरी अशीच घुरघुर येते, मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो म्हणजे व्होल्टेज 10 टक्के पडलं की जोर जवळजवळ 19 टक्के जातो.

अडकलेली मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, त्यामुळे ओव्हरलोड उघडतो, आणि सगळ्यात जास्त गफलत इथेच होते. वीज बंद करून, वायरी काढून कॉमन, स्टार्ट, रन ह्या तीन टर्मिनलांचा रेझिस्टन्स मोजतात. रन-कॉमन सर्वात कमी, स्टार्ट-कॉमन त्याहून जास्त आणि स्टार्ट-रन ह्या दोघांची बेरीज (समजा 1.5, 3 आणि 4.5 ओहम) आली तर वाइंडिंगचं गणित जुळलं. आता कॉमनपासून दोन्हीकडे काहीच रीडिंग नाही पण स्टार्ट-रनला बरोबर येतंय, तर वाइंडिंग तुटलेलं नसून आतला ओव्हरलोड उघडा असू शकतो, आणि गरम कॉम्प्रेसर थंड व्हायला तास-दोन तासही लागतात. तेवढं न थांबता चांगला कॉम्प्रेसर भंगारात काढला जातो. पूर्ण गार झाल्यावरही सर्किट उघडंच राहिलं तरच तो गेला म्हणायचं.

इन्व्हर्टर एसीत हे गणित चालत नाही. तिथे तीन वाइंडिंग सारख्या रेझिस्टन्सची असतात, स्टार्ट कपॅसिटर नसतो, मोटर पीसीबीवरच्या पॉवर मॉड्यूलवर चालते, त्यामुळे तिला थेट वीज देऊन बघणं म्हणजे मोटर जाळून घेणं.

कुठल्याही तपासणीआधी मेन बंद करून कपॅसिटर डिस्चार्ज करावा, इन्व्हर्टर बोर्डावर तर वीज काढल्यावरही काही मिनिटं घातक व्होल्टेज राहतं. टर्मिनलचं झाकण काढून कॉम्प्रेसर चालवू नये, खराब टर्मिनल दाबाने उडून गरम तेल आणि गॅस बाहेर येऊ शकतो.

कॉम्प्रेसर खरोखर जाम असेल तर हार्ड स्टार्ट किट (सुरू होताना मोटरला जादा जोर देणारा कपॅसिटरचा संच) लावून कधीकधी सुटतो, पण किती दिवस चालेल त्याचा भरवसा नाही. वाइंडिंग जळालं असेल तर तेलात अ‍ॅसिड तयार होतं, म्हणून नवीन बसवताना सिस्टीम साफ करून फिल्टर ड्रायरही (गॅसमधला ओलावा आणि घाण गाळणारा भाग) बदलतात, नाहीतर नवाही त्याच वाटेने जातो.