सेन्सरवरच्या धुळीवर फुंकर मारू नका

लग्नसराई सुरू झाली की आमच्या दुकानाच्या काउंटरवर रोज एक तरी कॅमेरा येतो : 'आकाशात काळपट ठिपके येतायत.' हे ठिपके बहुधा सेन्सरवरच्या, म्हणजे लेन्समागे फोटो टिपणाऱ्या भागावरच्या, धुळीचे असतात. यातली बरीचशी धूळ घरच्या घरी दोन मिनिटांत निघते. फक्त तोंडाने फुंकर मारू नका. एकदासुद्धा नाही.

गेल्या मोसमात एक फोटोग्राफर नवरा-नवरीबरोबर जेजुरीला गेले होते. गडावर भंडारा उधळत असतानाच त्यांनी लेन्स बदलली आणि आत पिवळी भुकटी बसली. कोरडी होती तोवर बरीचशी ब्लोअरने, म्हणजे दाबून हवा सोडायच्या रबरी फुग्याने, उडाली असती. त्यांनी फुंकर मारली. थुंकीचे बारीक तुषार उडाले, आणि भंडारा म्हणजे हळदच, ओली होऊन सेन्सरवरच्या काचेला धरून बसली. भिंगातून पाहिलं तर प्रत्येक थेंबाभोवती पिवळं कडं. चार स्वॅब (सेन्सर पुसायच्या चपट्या काड्या) आणि अख्खी दुपार गेली. डबाबंद हवेचा स्प्रेही नको. डबा तिरका झाला की आतला द्रव उडतो आणि डाग पडतो.

आधी धूळ सेन्सरवरच आहे ना, ते बघा. लेन्सचं छिद्र बारीक करून, म्हणजे एफ/१६ किंवा एफ/२२ वर, फोकस मुद्दाम घालवून, पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. लेन्स बदलूनही ठिपका त्याच जागी आला तर तो सेन्सरवर आहे. डीएसएलआरच्या (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याच्या) व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतो पण फोटोत येत नाही, अशा कणाच्या मागे लागू नका. फोटोत वर दिसणारा कण सेन्सरवर खालच्या बाजूला असतो, हे मात्र लक्षात ठेवा.

मग पंखा बंद करा आणि पूर्ण चार्ज केलेली बॅटरी घाला. डीएसएलआर असेल तर मेनूतल्या सेन्सर क्लीनिंगनेच आरसा वर घ्या. बल्ब मोड नको; त्यात बटण दाबून धरलं तेवढाच वेळ शटर उघडं राहतं, बोट निसटलं की मिटतं. बॉडीचं तोंड जमिनीकडे धरून रबरी ब्लोअर दाबा, पण आधी बाहेर दोन-चारदा दाबून त्याच्यातलीच धूळ काढून टाका. नळी माउंटच्या, म्हणजे लेन्स बसते त्या कड्याच्या, आत घालायची नाही. शटरच्या पात्यांना काहीही लागू देऊ नका. चांगला ब्लोअर आमच्याकडे मिळतो.

ब्लोअरने न निघणाऱ्या डागाला ओला स्वॅबच लागतो. फुल फ्रेमला (मोठ्या सेन्सरला) २४ मिमीचा, एपीएस-सीला (त्याहून लहान सेन्सरला) १६ मिमीचा. दोन्ही आम्ही ठेवतो, पण पहिल्यांदा करणार असाल तर इथे बसून आम्ही कसं करतो ते बघून घ्या. शिकवायचे पैसे घेत नाही.

'एवढीशी काच साफ करायचे इतके पैसे?' असं विचारलं जातं. स्वॅबची एक बाजू आम्ही काचेवरून एकदाच फिरवतो; दोन्ही बाजू झाल्या की तो टाकून देतो. दुसऱ्याच्या कॅमेऱ्याला लावत नाही. प्रत्येक फेरीनंतर टेस्ट शॉट घेऊन स्क्रीनवर मोठा करून बघतो. म्हणूनच कॅमेरा संध्याकाळपर्यंत ठेवून घेतो. साफ करण्याआधीचा आणि नंतरचा, दोन्ही फोटो तुमच्या कार्डवर मिळतात.

आणि फुंकर मारून झालीच असेल तर कॅमेरा देताना तसं सांगा, रागावणार नाही. आधी ब्लोअर मारायचा की थेट ओला स्वॅब घ्यायचा, हे त्यावरच ठरतं.