अंगुस्तिफोलियस

अंगुस्तिफोलियस : ‘अरुंद पानांचा’ या अर्थाचे लॅटिन विशेषण. वनस्पतीच्या द्विपदी (दोन शब्दांच्या शास्त्रीय) नावात ते प्रजातीच्या (जीनसच्या) नावानंतर येते. पुल्लिंगी अंगुस्तिफोलियस, स्त्रीलिंगी अंगुस्तिफोलिया आणि नपुंसकलिंगी अंगुस्तिफोलियम अशी त्याची तीन रूपे आहेत.

घटक : अंगुस्त् (अरुंद) + इ + फोलि (पान) + लिंगदर्शक प्रत्यय. मधला ‘इ’ हा केवळ सांधणारा स्वर आहे. लॅटिन शब्दांची मूळ रूपे जोडताना ‘इ’ येतो, ग्रीक जोडताना बहुधा ‘ओ’. जुन्या ग्रंथांत काही नावांत या जागी षष्ठीचा ‘ए’ घातलेला दिसतो. वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय नामकरण-संहितेच्या कलम ६० नुसार तो दुरुस्त करावा लागतो. उदा., पेरेस्किया प्रजातीतील ‘ओपुन्तिएफ्लोरा’ आता ‘ओपुन्तिइफ्लोरा’ असे लिहितात.

उच्चार : अङ्–गुस्–ति–फो–लि–उस्, एकूण सहा अक्षरे. अर्थाचे तुकडे आणि उच्चाराची अक्षरे एकाच ठिकाणी तुटत नाहीत. ‘त्’ अर्थाने पहिल्या घटकाचा, पण उच्चारात तो पुढच्या ‘इ’ला चिकटतो. पहिले अक्षर मराठी ‘अंग’मधल्यासारखेच आहे.

आघाताचा नियम असा : उपान्त्य (शेवटून दुसरे) अक्षर गुरू असेल तर आघात त्यावर, लघु असेल तर त्याच्या आधीच्या अक्षरावर. इथे ‘लि’ लघु आहे, म्हणून आघात ‘फो’वर. देवनागरीत ‘फो’ दीर्घ दिसतो, मात्र लॅटिनमध्ये तो ऱ्हस्व आहे. जोर द्यावा, पण ओढू नये. घाईत ‘लिया’चे ‘ल्या’ होते आणि एक अक्षर गळते, तेवढे सांभाळावे. याच अर्थाच्या ग्रीक ‘स्तेनोफिल्लुस’मध्ये उपान्त्य ‘फिल्’ जोडाक्षरामुळे गुरू आहे, त्यामुळे आघात तिथेच पडतो.

लिंग : सर्वाधिक चुका इथे होतात. विशेषणाचा प्रत्यय प्रजातीनामाच्या लिंगावरून ठरतो, त्या नावाच्या शेवटावरून नाही. ल्युपिनस अंगुस्तिफोलियस आणि एपिलोबियम अंगुस्तिफोलियम ही रूपे सरळ आहेत. पण फ्रॅक्सिनस आणि एलिॲग्नस शेवटी ‘अस’ असूनही स्त्रीलिंगी मानतात, म्हणून फ्रॅक्सिनस अंगुस्तिफोलिया हेच बरोबर. लॅटिनमध्ये बहुतेक वृक्षनामे स्त्रीलिंगी असतात, हे लक्षात ठेवले की गोंधळ टळतो.

अर्थाची मर्यादा : ‘अरुंद’ म्हणजे त्याच प्रजातीतील इतरांच्या तुलनेत अरुंद. लिनियसने १७५३ मध्ये पाणकणसाच्या दोन जातींना टायफा अंगुस्तिफोलिया आणि टायफा लातिफोलिया (रुंद पानांची) अशी नावे दिली. पहिलीची पाती बहुधा १ सेंमी.हून अरुंद, दुसरीची साधारण १ ते २ सेंमी. असतात. लॅव्हेंडरच्या ज्या जातीला फिलिप मिलर यांनी १७६८ मध्ये हे विशेषण दिले, तिची पाने याहूनही बारीक आहेत. त्यामुळे केवळ नाव वाचून पानाची रुंदी मिलिमीटरमध्ये गृहीत धरू नये.