ग्राहक-शिफारस बक्षीस आणि त्यावरील कर

ग्राहक-शिफारस बक्षीस म्हणजे नवा ग्राहक आणून दिल्याबद्दल एखाद्या व्यवसायाने आपल्याच जुन्या ग्राहकाला दिलेला मोबदला. तो रोख असेल, पुढच्या बिलातली सूट असेल, कूपन, पॉइंट किंवा एखादी वस्तूही असेल. बोलताना लोक त्याला ‘रेफरल बोनस’ किंवा नुसते ‘रेफरल’ म्हणतात. हा ग्राहक दलाल नव्हे. शिफारस करणे हा त्याचा धंदा नसतो, ती सेवा तो स्वतः वापरत असतो आणि त्याचा शब्द ओळखीच्या माणसांपुरताच चालतो. विकत घेणाऱ्याला मिळालेली सवलत करमुक्त आणि काम करणाऱ्याला मिळालेला मोबदला करपात्र, अशी ढोबळ विभागणी अनेक देशांच्या करव्यवस्थांत आढळते. शिफारस करणारा ग्राहक एकाच वेळी दोन्ही असतो, म्हणून त्याच्या बक्षिसाचा प्रश्न वरवर दिसतो तितका सरळ नाही.

तोंडी शिफारस व्यापाराइतकीच जुनी आहे. तिला ठरलेला दर आणि प्रत्येक ग्राहकाचा वेगळा कोड जोडण्याची पद्धत मात्र इंटरनेटवरच्या कंपन्यांनी सर्वदूर नेली. ऑनलाइन पैसे पाठवण्याची सेवा देणाऱ्या पेपालने १९९९-२०००च्या सुमारास नवे खाते उघडणाऱ्याला आणि त्याला आणणाऱ्याला प्रत्येकी १० डॉलर दिले. ड्रॉपबॉक्सने पैशांऐवजी दोघांनाही फायली साठवण्याची जादा जागा देऊ केली. दोन्ही बाजूंना काहीतरी देण्याचा हा प्रकार आता रूढ आहे. मित्राकडून आपण एकटेच कमावतो आहोत, हा अवघडलेपणा त्यात राहत नाही. कंपन्यांच्या दृष्टीने हा खर्च वाया जात नाही. श्मिट, स्किएरा आणि व्हॅन डेन बुल्टे या संशोधकांनी एका जर्मन बँकेच्या सुमारे १० हजार ग्राहकांचा अभ्यास २०११मध्ये प्रसिद्ध केला. शिफारशीने आलेला ग्राहक इतर तशाच ग्राहकांच्या तुलनेत बँकेला किमान १६ टक्के अधिक मोलाचा ठरतो, असे त्यात दिसले.

कराच्या बाजूने पाहता शिफारशीचे बक्षीस ही भेट आहे का, हा पहिला प्रश्न. त्याचे सर्वांत गाजलेले उत्तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६०मध्ये ड्युबरस्टाइन खटल्यात दिले. ड्युबरस्टाइन हे ओहायो राज्यातले धातूचे व्यापारी. न्यूयॉर्कच्या मोहॉक मेटल कंपनीचे प्रमुख बर्मन यांना ते फोनवर संभाव्य गिऱ्हाइकांची नावे सुचवत. ती नावे फार उपयोगी पडली म्हणून बर्मननी १९५१मध्ये त्यांना कॅडिलॅक मोटार देऊ केली. आपल्याकडे एक कॅडिलॅक आहेच, शिवाय एक ओल्ड्समोबाइलही आहे, असे ड्युबरस्टाइन म्हणाले. पण शेवटी त्यांनी मोटार घेतली. आपण मोबदल्याच्या अपेक्षेने काही केले नव्हते, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते खोटे असावे असे वाटत नाही. तरीही न्यायालयाने पाहिला तो देणाऱ्याचा हेतू. निरपेक्ष औदार्यातून दिलेले तेच भेट. मिळालेल्या उपयोगाची परतफेड किंवा पुढेही नावे मिळत राहावीत यासाठीचे प्रोत्साहन म्हणजे उत्पन्न. मोहॉकने त्या मोटारीची किंमत आपल्या धंद्याचा खर्च म्हणून दाखवली होती, ही गोष्टही बोलकी होती.

देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे हितसंबंध इथे नेमके उलटे असतात. घेणाऱ्याला भेट म्हटलेले सोयीचे, देणाऱ्याला कमिशन किंवा जाहिरातखर्च म्हटलेले सोयीचे. अमेरिकेत धंद्यातल्या भेटवस्तूंवर मिळणारी वजावट प्रत्येक माणसामागे वर्षाला २५ डॉलर इतकीच आहे. ही मर्यादा १९६२ सालची असून इतक्या दशकांच्या महागाईनंतरही तिला कोणी हात लावलेला नाही. शिफारशीचा मोबदला मात्र व्यवसायाचा नेहमीचा खर्च म्हणून पूर्ण वजा करता येतो. त्यामुळे जाहिरातीत ‘भेट’ आणि हिशेबवहीत ‘विक्रीखर्च’ असा दुहेरी उल्लेख सर्रास आढळतो.

दुसरा प्रश्न सवलतीचा. मोटार विकत घेणाऱ्याला उत्पादकाने परत केलेली रक्कम ही किमतीतली घट आहे, उत्पन्न नव्हे, असा निर्वाळा अमेरिकी करखात्याने १९७६मध्ये दिला. क्रेडिट कार्डावरच्या खरेदीचे कॅशबॅक याच तर्काने करमुक्त समजले जाते. हा तर्क किती ताणता येतो, हे एका जोडप्याने २०१३ आणि २०१४मध्ये दाखवून दिले. कार्डावर गिफ्ट कार्डे घ्यायची, ती मनीऑर्डरीत (तिथे ती आधी पैसे भरून घ्यायच्या चेकसारखी असते) बदलायची, मनीऑर्डरी बँकेत भरून कार्डाचे बिल फेडायचे, असे चक्र फिरवून त्यांनी ३ लाख डॉलरहून अधिक बक्षीस मिळवले. करन्यायालयाने २०२१मध्ये गिफ्ट कार्डांवरचे बक्षीस खरेदीतली सवलत मानून सोडले. गिफ्ट कार्डांशिवाय, क्रेडिट कार्डावर थेट घेतलेल्या मनीऑर्डरींवरचे मात्र करपात्र ठरवले, कारण तिथे कुठली वस्तू किंवा सेवा विकत घेतलेलीच नव्हती.

शिफारशीला हाच निकष लावला की दोन टोके वेगळी पडतात. शिफारशीवरून आलेल्या नव्या ग्राहकाला पहिल्या खरेदीवर मिळालेली सूट ही सवलतच. शिफारस करणाऱ्याने मात्र त्या बक्षिसासाठी काहीच विकत घेतलेले नसते, त्यामुळे त्याचा वाटा उत्पन्नाकडे झुकतो. तो पुढच्या बिलातून वळता केला म्हणून स्वरूप बदलत नाही. बँकेत खाते उघडून पैसे ठेवल्याबद्दलचा बोनस आणखी तिसरा. सिटीबँकेने दिलेल्या पॉइंटांतून काढलेले ६६८ डॉलरचे विमानतिकीट हे पैसे बँकेत ठेवल्याबद्दलचे, म्हणजे व्याजासारखेच उत्पन्न आहे, असे करन्यायालयाने २०१४मध्ये ठरवले. ड्रॉपबॉक्सच्या जादा जागेसारख्या, विकता किंवा कुणाला देता न येणाऱ्या बक्षिसाची किंमत कशी लावायची, याचे पटेल असे उत्तर अजून कोणी दिलेले नाही.

नोंदीचे नियम देशागणिक बदलतात. अमेरिकेत एका व्यवसायाने एका व्यक्तीला वर्षात ६०० डॉलर किंवा त्याहून अधिक दिले तर तो १०९९ मालिकेतला फॉर्म भरून करखात्याला कळवत असे. २०२६पासूनच्या देयकांसाठी ही मर्यादा २,००० डॉलर झाली आहे. ही मर्यादा कंपनीने कळवण्याची आहे, करमाफीची नव्हे. फॉर्म आला नाही म्हणजे कर नाही, हा समज चुकीचा असूनही फार पसरलेला आहे. ब्रिटनच्या करखात्याने १९९७च्या निवेदनात सामान्य ग्राहकाला स्वतःच्या खरेदीवर मिळणारे कॅशबॅक आयकराबाहेर ठेवले. इतरांना आणून दिल्याचे कमिशन मात्र किरकोळ उत्पन्नात धरले जाऊ शकते. अशा उत्पन्नाला एप्रिल २०१७पासून वर्षाला १,००० पौंडांची सूट आहे.

भारतात वर्षभरात ५० हजार रुपयांपर्यंत मिळालेल्या भेटी करमुक्त असतात, हा नियम शिफारशीच्या बक्षिसालाही लावण्याचा मोह अनेकांना होतो. पण ती सूट मोबदल्याविना मिळालेल्या रकमेसाठी आहे, आणि शिफारस हाच इथे मोबदला. म्हणून असे बक्षीस साधारणपणे ‘इतर स्रोतांतून मिळालेले उत्पन्न’ या सदरात जाते. घेणाऱ्याला ते त्याच्या धंद्याच्या ओघात मिळत असेल तर वर्षाला २० हजार रुपयांवरच्या लाभावर देणाऱ्याने १० टक्के कर आधीच कापायचा, अशी तरतूद १ जुलै २०२२पासून आली. ती १९६१च्या आयकर कायद्यात कलम १९४आर म्हणून होती. १ एप्रिल २०२६पासून नवा कायदा लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत.

युरोपात मूल्यवर्धित कराच्या (व्हॅट) अंगानेही हा विषय न्यायालयात गेला. एम्पायर स्टोअर्स ही ब्रिटनमधली टपालाने माल विकणारी कंपनी मैत्रिणीची ओळख करून देणाऱ्या ग्राहकाला यादीतली एखादी वस्तू ‘मोफत’ देत असे. युरोपीय न्यायालयाने १९९४मध्ये ती मोफत नसल्याचे सांगितले. ओळख करून देणे ही सेवा आणि वस्तू हा तिचा मोबदला. म्हणून कंपनीने ती वस्तू ज्या किमतीला घेतली त्या किमतीवर कर द्यावा. पुढे बर्टल्समान या कंपनीच्या खटल्यातल्या २००१च्या निकालात वस्तू घरपोच पाठवण्याचा खर्चही त्यात धरला गेला.

काही क्षेत्रांत शिफारशीसाठी पैसे देणेच निषिद्ध आहे. अमेरिकेत घरखरेदीच्या कर्जव्यवहारातील सेवांसाठी १९७४च्या कायद्याने अशा देण्याघेण्याला बंदी घातली, आणि सरकारी पैशांवर चालणाऱ्या आरोग्ययोजनांत रुग्ण पाठवण्याबद्दल काही देणे हा गुन्हा आहे. असे बेकायदा पैसे देणाऱ्याला त्यांची वजावट मिळत नाही. घेणाऱ्याच्या हाती मात्र ते करपात्र उत्पन्नच राहतात.